घरभर कुजबूज

अजूनही सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी ओठ मिटून एकदा हळूच 'म्म्' करून बघते. ओठांच्या मागे, नाकाच्या हाडाशी जरा गुदगुल्या झाल्या की मग डोळे उघडते. आवाज आहे, जागेवर आहे. लग्न झाल्यावर सुरुवातीला नवऱ्याला वाटायचं मी झोपेत कण्हतेय. आता तो कूस बदलता बदलता "आहे का?" एवढंच विचारतो आणि परत झोपतो. माझी पन्नाशी उलटली, आणि आता मीरा रोडच्या आमच्या घरी माणसं आवाजाचं शिकायला येतात. शाळेतल्या बाई येतात, वकील येतात, सूत्रसंचालन करणारी पोरं येतात. एकदा तर निवडणुकीला उभे राहिलेले एक भाऊ घसा बसला म्हणून चार कार्यकर्त्यांना घेऊन आले होते आणि चौघांच्या चपला दारात मावेनात. या सगळ्यांना मी अगदी शांतपणे सांगते की घाबरू नका, आवाज असा कुठे पळून जात नाही. आणि मी स्वतः मात्र रोज सकाळी तो तपासते. माझा एकदा गेला होता ना. तो गेला तेव्हा घरात जे झालं, ते मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो. बिल्डिंग म्हणायची म्हणून बिल्डिंग, नाहीतर चाळच ती, आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून स्टीलच्या भांड्यांचे गाळे. सकाळी मशीन सुरू झाली की आमच्या मांडणीतल्या वाट्या आपोआप किणकिणायला लागायच्या. प्रेसचे दणके, पॉलिशची किर्रर्र, टेम्पोत भांडी फेकल्याचा खणखणाट, हे सगळं आम्हाला इतकं सवयीचं की गाळे बंद असले की आई म्हणायची, आज डोकं का दुखतंय गं. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यातल्याच एका गाळ्यात पॉलिशवर होते. फिरत्या चाकावर डबे, पातेली, वाट्या धरायच्या आणि आरशासारख्या करून सोडायच्या. संध्याकाळी यायचे तेव्हा भुवयांपर्यंत काळे झालेले असायचे, फक्त दात आणि डोळे पांढरे. तरुणपणी जालन्याकडून आले आणि त्या चाकापुढे जे उभे राहिले ते राहिलेच. त्या चाकानं त्यांचे कान खाल्ले. कधी सुरू झालं कळलंच नाही कुणाला. आधी टीव्ही मोठा व्हायला लागला, मग आम्ही मोठे व्हायला लागलो. म्हणजे आवाजानं.

आमच्या घरी कुणी बोलायचंच नाही, सगळे ओरडायचे. "मीठ दे" हे सुद्धा दोन घरं पलीकडे कळेल असं. आई ओरडायची, मी ओरडायचे, आणि सगळ्यात वरचढ आमची आत्या, आप्पांची मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असायची आणि तिचा आवाज मुळातच शेतावरचा. ती आप्पांना जेवायला हाक मारायची तेव्हा शेजारचे गुजराती काका गमतीनं म्हणायचे, "चलो, अपना भी खाने का टाइम हो गया." पण इतकं करूनही आप्पांना नीट समजायचं ते माझंच. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आधी त्यांच्या हाताला हात लावायचे, ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग मी त्यांच्या समोर बसून जीव खाऊन बोलायचे. दुकानदार काय म्हणतोय, डॉक्टर काय म्हणतायत, विहारात पुढच्या रविवारी किती वाजता जमायचंय, हे सगळं माझ्या घशातून त्यांच्याकडे जायचं. लोकांना ते बिनधास्त सांगायचे, "माझी संगू माझे कान हाय." मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. आणि तितकीच धास्तीही. मी कॉलेजच्या ट्रिपला जायचे तेव्हा माझ्या मनात समुद्र, वाळू काही नसायचं. दारावर कुणी आलं तर आप्पांना कळेल का, एवढंच चालू असायचं.

याच आवाजामुळे मला कॉलेजच्या एकांकिकेत घेतलं. निवडीच्या दिवशी बाकीच्या मुली लाजत काहीतरी पुटपुटल्या आणि मी नेहमीसारखी बोलले, तर मागच्या खिडकीतली कबुतरं उडाली. एकांकिका जवळच्याच मुर्धा गावाकडच्या बंद पडलेल्या मिठागरावरची. मिठागर गेलं, मजूर गेले, तरी एक राखणदार बाई तिथंच राहते, आणि शेवटी अंधारात पलीकडच्या बांधावर तिला आपला माणूस दिसल्यासारखं होतं, तेव्हा ती हाळी देते. ती बाई मी. सगळी एकांकिका त्या एका हाळीवर उभी होती. आमच्या कॉलेजची एकांकिका पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली होती आणि शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत जो भेटेल तो मला म्हणायचा, जरा ती हाळी देऊन दाखव. मीही द्यायचे. जिन्यात, कँटीनमध्ये, कुठेही.

बसवायला कुंदाताई यायच्या. पूर्वी गिरगावात राहायच्या, नाटकांतून कामं केलेल्या, मग मीरा रोडला फ्लॅट घेऊन आलेल्या. गळ्याला कायम सुती ओढणी, हातात कोमट पाण्याचा थर्मास, आणि आवाज असा की त्या कधी मोठ्यानं बोलल्याचं आठवत नाही, पण सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीत बसलं तरी शब्द न् शब्द कळायचा. पहिल्याच दिवशी माझी हाळी ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुंदाताईंनी कपाळाला आठी घातली. म्हणाल्या, आवाज मोठा आहे, पण सगळा गळ्यातला आहे. तू बोलत नाहीस, घसा घासतेस. मला फार लागलं ते. त्यांनी मला जमिनीवर उताणं झोपवलं आणि पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला सांगितला. छाती हलू द्यायची नाही, खांदे उचलायचे नाहीत, श्वास आत जाताना पोट वर आलं पाहिजे. मग दातांतून 'स्स्स्' करत तो इतक्या सावकाश सोडायचा की समोर पणती धरली तरी विझू नये. मग ओठ मिटून गुणगुणायचं. मग ओठ सैल सोडून 'ब्र्र्र' करायचं, लहान बाळं करतात तसं. घसा खवखवला तर खाकरायचं नाही, दोन घोट पाणी प्यायचं. तालमीआधी तिखट नाही, तालमीनंतर लगेच बडबड नाही. आज मी हेच सगळं शिकवते, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत.

घरी येऊन मी सराव करायचे. पोटावर हात ठेवला की मला काही कळेना, म्हणून एक दिवस मांडणीतली वाटी घेतली, आप्पांनीच पॉलिश केलेली, आणि बेंबीवर ठेवून झोपले. श्वास घेतला की वाटी वर, सोडला की वाटी खाली. आत्या भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला. तिनं सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं की पोरीला नाटकवाल्यांनी बिघडवली, आता पोटावर वाटी ठेवून भीक मागायला बसवतील. आप्पा मात्र उठून जवळ आले, वाकून त्या वाटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चकाकी चांगली बसली हाय." त्यांना काय, वाटीच दिसली. पण गोष्ट अशी की कॉलेजात मी दोन तास पोटातून बोलायचे आणि घरी आले की उरलेली संध्याकाळ पुन्हा गळ्यातून ओरडायचे. दुसरं काय करणार? आप्पांशी बोलायचं कसं मग? त्यात आमचं जेवण मराठवाड्याचं, येसर मसाल्याची झणझणीत आमटी आणि भाकरी, वर मिरचीचा ठेचा. तेही रात्री उशिरा, आप्पा आले की. घसा काय म्हणत असेल, ते कुणी विचारलंच नाही त्याला.

अंतिम फेरी दहा-बारा दिवसांवर आली असताना एका सकाळी मी "आई" म्हणाले आणि तोंडातून फक्त हवा आली. परत म्हणाले, परत हवा. मला वाटलं झोपेत घसा सुकला असेल. पाणी प्यायले, खाकरले, पुन्हा खाकरले, तर एक चिरका तुकडा बाहेर आला आणि तोही गेला. आत्यानं लगेच सगळी पोतडी उघडली. ज्येष्ठमध चघळायला, खडीसाखर, मिरी, लवंग, हळद-मिठाच्या गुळण्या, वर गळ्याला गरम कापड. दोन दिवस मी सगळं केलं. तिसऱ्या दिवशी आई मला केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर बसणाऱ्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ ओढून धरली, आत आरसा घातला, पाहिलं आणि म्हणाले की स्वरतंतूंवर घट्टे पडायला लागलेत. हाताला पडतात तसेच. नुकतेच आहेत, जातील, पण आवाजाला पूर्ण आराम हवा. नाही दिला तर मग ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज पूर्वीसारखा येईलच असं सांगता येत नाही. मी आईकडे बघितलं. आई माझ्या गळ्याकडे बघत होती. जिना उतरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकांकिका नव्हतीच, खरंच सांगते. माझ्या डोक्यात आप्पा होते. मी मुकी झाले तर आप्पांशी बोलणार कोण? आईचं त्यांना निम्मं कळायचं, आत्याचं निम्म्याहून कमी. मी गेले की ते त्या चाकासमोर जसे एकटे तसेच घरातही एकटे. हे मी कुणाला बोलूनही दाखवू शकत नव्हते, कारण बोलायचंच नव्हतं. ते तसंच आत घुमत राहिलं.

त्या संध्याकाळी आईनं घराचा कायदा केला. संगूला ओरडायचा मोह होऊ नये म्हणून आजपासून घरात कुणीही ओरडायचं नाही. टीव्ही बंद. सगळ्यांनी कुजबुजायचं, आजाऱ्याच्या घरात बोलतात तसं. आणि मलाही काही सांगायचंच असेल तर कुजबुजून सांगायचं, त्यानं घशाला त्रास होत नाही. तिला तसं मनापासून वाटत होतं. मला वाटत होतं, आत्याला वाटत होतं, कुणालाही वाटेल. आत्यानं पदर तोंडाला लावून कुजबुजायचा सराव केला आणि तो इतका जोरात झाला की आई हसून हसून खाली बसली. आप्पा तेव्हा गाळ्यावर होते. आल्यावर आईनं त्यांना खुणेनं माझा गळा दाखवला, हातानं 'बंद' असं केलं. संगूचा आवाज बसलाय, तिला बोलायला लावायचं नाही, एवढं त्यांना कळलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते किती तरी वेळ उभे होते. पण बाकीचं, म्हणजे आता घरात सगळेच कुजबुजणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आईला वाटलं आत्यानं सांगितलं, आत्याला वाटलं आईनं. आणि खरी मेख अशी की ते त्यांना सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागलं असतं.

सुरुवातीला मजा वाटली. आमच्या घरात पहिल्यांदाच बाहेरचं ऐकू यायला लागलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो आत कसा खदखदतो ते मी तेव्हा ऐकलं. भाकरी फुगताना हळूच फुस्स करते, ते ऐकलं. आई आणि आत्या चुलीपाशी डोकं लावून कुजबुजायच्या, मीही त्यांच्यात डोकं घालून कुजबुजायचे, आणि बोलणं बंद असल्यामुळे मला एरवीपेक्षा जास्तच काहीतरी सांगायचं असायचं. पण दोन-तीन दिवस गेले आणि घसा सुधारायच्या ऐवजी आणखी कोरडा पडत चालला. कुजबुजतानाही आत कुणीतरी तार ओढल्यासारखं व्हायचं. मी ते लपवलं. आईचा चेहरा आधीच उतरलेला होता.

आणि आप्पा बदलले. आधी लक्षात आलं नाही. ते जेवताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे, आईच्या, मग आत्याच्या, मग पुन्हा आईच्या, आणि मान खाली घालायचे. एरवी दहा वेळा "काय म्हन्ती?" विचारणारा माणूस, त्यांनी ते विचारणंच सोडलं. गाळ्यावरून उशिरा यायला लागले. आईला वाटलं काम वाढलंय. एका सकाळी मी मोरीतून बाहेर आले तर ते मांडणीपाशी पाठमोरे उभे होते. हातात वाटी, कानाला लावलेली, आणि नखानं ते ती वाजवत होते. टिंग. थांबले. दुसऱ्या कानाला लावली. टिंग. मग जोरात. मग वाटी जागच्या जागी ठेवून, अंगात सदरा घालून गेले निघून. मला काही समजलं नाही, पण काहीतरी वाईट चाललंय एवढं समजलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि परत हवाच आली.

रविवारी दुपारी कुंदाताई आल्या. मी तालमीला दिसत नाही म्हणून पत्ता विचारत विचारत, उन्हात, थर्मास घेऊन. आप्पा खाटेवर बसले होते, आईनं दार उघडलं आणि कुजबुजून "या, बसा" म्हणाली. आत्या कुजबुजत पाणी घेऊन आली. मी कुजबुजत नमस्कार केला. कुंदाताईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि त्यांना वाटलं घरात कुणी गेलंय की काय. आईनं मग सगळं सांगितलं, तोंडाजवळ हात धरून. कुंदाताई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या. मोठ्यानं नाही, त्यांच्या त्याच खालच्या, संथ आवाजात म्हणाल्या, "संघमित्रा, कुजबूज म्हणजे आराम नाही. कुजबुजताना घसा आवळला जातो आणि कोरडी हवा त्याच जखमेवरून जाते. एकही शब्द नाही आता. कुजबुजूनसुद्धा नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवस मी जपून जपून जे करत होते, त्यानं घसा उलट आणखी बिघडला होता. आई तर दाराला टेकलीच. आणि तेवढ्यात खाटेवरून आप्पा उठले. कुंदाताईंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही बोल्ला ते मला ऐकू आलं."

कुंदाताईंना यात काय विशेष ते कळेना. त्या म्हणाल्या, "यायलाच हवं. तुमच्यासमोरच तर बसलेय मी."

"मंग ह्यांचं का न्हाई येत?" आप्पांनी आमच्याकडे बोट केलं. "चार दिवस झाले. ह्यांची तोंडं हालतेत, आवाजच न्हाई. गाळ्यातला यादव म्हनला व्हता, कान जायला लागले की आधी पाखरं जातेत, मंग मानसं, मशीन शेवटपर्यंत ऐकू येती. मला वाटलं माझी मानसं गेली. मशीन ऐकू येत व्हती तर मी तिथंच बसून राह्यचो."

आणि मग आत्यानं, आमच्या त्या आत्यानं, पदर तोंडावरून काढला आणि घराचा कायदा मोडून अशी काही किंचाळली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. "आरं आम्ही कुजबुजत व्हतो रं येड्या!" आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग आईकडे. आई मान हलवत होती आणि रडत होती. ते खाटेवर बसले, तोंडावर दोन्ही हात धरले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते आम्हाला कळेना. मला वाटतं त्यांनाही कळत नसावं. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि त्यांचा गुडघा धरून राहिले. सगळ्यात जास्त मलाच बोलायचं होतं आणि मलाच तोंड उघडायची बंदी होती.

त्या दुपारी कुंदाताई संध्याकाळपर्यंत थांबल्या. आईनं त्यांना चहा केला, तो त्यांनी निवू देऊन घेतला. आप्पा त्यांच्यासमोर बसून त्यांच्याशी बोलत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना परक्या माणसाशी माझ्याशिवाय बोलताना पाहिलं. बरं वाटलं का? वाटलं. आणि जरा हेवाही वाटला, तो का लपवू. जाताना त्यांनी आईला समजावलं की ओरडलं की आवाज वर चढतो, चिरका होतो, आणि ज्याचे कान मशीननं गेलेत त्याला नेमका तोच चिरका आवाज ऐकू येत नाही. त्याच्यासमोर यायचं, पोटातून श्वास घ्यायचा, आवाज खाली आणायचा आणि सावकाश बोलायचं. माझं त्यांना कळायचं ते मी समोर बसायचे आणि ते माझे ओठ वाचायचे म्हणून, हे मला तेव्हा कुठे उमगलं. आत्याला हे मुळीच पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेलेत असं समजून ती चटईवर उताणी झोपली होती आणि तिच्या पोटावर वाटी होती. वाटी कसली, मोठं वाडगं. मी दारातून बघितलं आणि हसूही शकले नाही, हसणंही बंद होतं मला.

भूमिका गेली. कुंदाताईंनी ती उषाला दिली, आमच्याच वर्गातल्या मुलीला. मला घरी येऊन सांगितलं, हात हातात घेऊन, पण दिली. घट्टे पडलेल्या घशानं ती हाळी द्यायची म्हणजे आयुष्यभराचा आवाज एका संध्याकाळीत संपवायचा, असं म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. तरी मी उशीत तोंड खुपसून रडले, आवाज न करता, आणि आवाज न करता रडणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. अंतिम फेरीला मी गेले नाही. उषानं हाळी चांगली दिली असं सगळे म्हणाले. आम्हाला बक्षीस मिळालं की नाही, हे माझे विद्यार्थी अजून विचारतात. मिळालं, उत्तेजनार्थ. पण ते त्यांनी विचारलं की मी विषय बदलते.

नंतरचे दिवस खरे मौनाचे. दिवसभर कोमट पाणी, सकाळी वाफ, संध्याकाळचं जेवण लवकर आणि फिकं. आप्पांनीही माझ्यासाठी ठेचा सोडला. त्या घरात याच्याएवढा त्याग दुसरा नव्हता. मी त्यांच्याशी हातांनी बोलायचे, ते माझ्याशी तोंडानं. आई त्यांच्यासमोर बसून खालच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करायची आणि मध्येच विसरून ओरडायची. आणि मी सारखी घाबरलेली. मौन संपल्यावर तोंड उघडेन आणि आत काहीच नसेल, असं वाटत राहायचं. रोज सकाळी ओठ मिटून 'म्म्' करून बघायची परवानगी डॉक्टरांनी दिली, तेव्हापासूनची ही सवय. पहिल्या दिवशी काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी जरासं खरखरलं. मग एका सकाळी ओठ थरथरले आणि नाकाशी गुदगुल्या झाल्या. मी तशीच पडून राहिले, वर पंख्याकडे बघत, किती तरी वेळ.

डॉक्टरांनी पुन्हा आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, बोला, पण थोडं आणि खालच्या पट्टीत. घरी आल्यावर आई आणि आत्या माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या, आता ही काय बोलते म्हणून. मी बोललेच नाही. धीरच होईना. काय बोलायचं पहिलं? दुपार गेली, संध्याकाळ झाली. गाळे बंद झाले, आप्पा आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मी वाढत होते. ते मान खाली घालून आमटीत भाकरी कुस्करत होते. नेहमीप्रमाणे त्यांच्या हाताला हात लावायचा, त्यांनी वर बघायचं आणि मग मी ओरडायचं, हे मला आता करता येणार नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले. खांदे सैल सोडले. श्वास पोटात जाऊ दिला, पोटावर वाटी आहे असं समजून, आणि त्याच श्वासावर, न ढकलता, जेवढा येईल तेवढाच आवाज सोडला.

"आप्पा, भाकरी वाढू?"

"वाढ की," आप्पा म्हणाले. मान वर न करता, माझ्या तोंडाकडे न बघता, आमटी कालवत. "अर्धीच दे."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. आत्यानं तोंडावर पदर घेतला. काय घडलं ते आप्पांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते ताटाकडे बघत भाकरीची वाट बघत होते. मी अर्धी भाकरी मोडली आणि त्यांच्या ताटात वाढली.